पावसाळ्यासाठी विंटर टायर घ्यावेत का? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही खारघरला राहता, ऑफिस वाशीला. तीन महिन्यांपूर्वी २०२० सालची बीएमडब्ल्यू ३३०आय सेकंडहँड घेतलीत. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीत किल्ला जंक्शनहून पाम बीच रोडला लागताना गाडी मागून सुटली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडला, गाडी आपली आपणच सावरली. शेजारी बसलेल्या वहिनींनी मात्र पुढचे दोन दिवस लोकलने प्रवास केला. श्टुटगार्टच्या मावसभावाने फोनवर निदान केलं, "मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, विंटर टायर हवेतच." आणि त्याच आठवड्यात एका दुकानदाराने जेमतेम वापरलेला इम्पोर्टेड विंटर टायरचा सेट निम्म्या किमतीत दाखवला. "बघा साहेब, किती बारीक चिरा आहेत, पावसात जळवेसारखा चिकटेल." घ्यावा का?

नको. घाई असेल तर एवढं पुरे.

का नको हे मात्र सांगायला हवं. मी ठाण्यात वागळे इस्टेटला बावीस वर्षं टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं काम करतो, आणि दरवर्षी मे संपता संपता हाच गोंधळ वेगवेगळ्या रूपांत दुकानात येतो. तुम्ही विचारताय "कोणता टायर", पण तुमचा खरा प्रश्न आहे "पावसात मागची चाकं सुटू नयेत म्हणून काय करू". दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी नवीन टायर असतं, कधी फक्त अलाइनमेंट, आणि कधी उजवा पाय. तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय ते गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. पण विंटर टायर नाही, हे इथे बसून सांगतो.

आधी भावाचं. तो चुकीचं सांगत नाहीये, त्याच्या गावचं सांगतोय. विंटर टायरचं रबर वेगळ्या घडणीचं असतं. त्यात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त, त्यामुळे थंडीत ते मऊ राहतं. साधा टायर, ज्याला तिकडे समर टायर म्हणतात, साधारण ७ अंशांच्या खाली गेला की कडक व्हायला लागतो आणि रस्ता धरणं सोडतो. विंटर टायरच्या नक्षीवरच्या त्या शेकडो बारीक चिरा पाण्यापेक्षाही बर्फासाठी असतात. रस्त्यावरचा बर्फ त्या चिरांत अडकतो, आणि बर्फाला बर्फ जितका धरतो तितकं रबर धरत नाही.

आता ७ अंश हा आकडा आपल्याकडे लावून बघा. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने नोंदवलेलं आजवरचं सर्वात कमी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात गारठलेल्या पहाटेही मुंबईत समर टायर कामाला पुरला असता. आणि आपला प्रश्न जुलैचा आहे, तेव्हा पाऊस कोसळत असतानाही हवा २५ ते ३० अंशांत असते. विंटर टायर थंडीसाठी बनतो, ओलाव्यासाठी नाही. हे दोन वेगळे ऋतू आहेत, आणि आपल्याकडे त्यातला एकच येतो.

जर्मनीत विंटर टायरचा कायदा २०१० पासून चालत आलाय, पण तोही तारखेवर नाही, रस्त्याच्या अवस्थेवर आहे. बर्फ, निसरडा गारठा असेल तर तसे टायर हवेत. आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर चालतात, नुसतं "एम अधिक एस", म्हणजे मड अँड स्नो, छापलेले नाहीत. तिकडे लोकांच्या तोंडी एक साधा नियम आहे, "ओ ते ओ", म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न. ऑस्टर्न म्हणजे ईस्टर. तेव्हा भावाला एकच विचारा, ईस्टर झाल्यावर तू ते टायर का काढतोस? तिकडेही उन्हाळ्यात पाऊस पडतोच की. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच गॅरेजमध्ये, कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं असतं.

उद्या तुम्ही तिकडे बदली होऊन गेलात आणि अशीच गाडी घेतलीत, तर भावाचा सल्ला डोळे मिटून ऐका. एक भर माझी: विंटर टायर चारही बसवायचे, फक्त मागचे दोन नाही. ढकलणारी चाकं मागची, म्हणून तिथेच दोन घालण्याची हौस लोकांना असते. मग गाडी बर्फात निघते मस्त, पण वळत नाही आणि थांबत नाही, कारण स्टिअरिंग आणि बरंचसं ब्रेकिंग पुढे. शिवाय अशा स्पोर्टी गाड्यांना मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतात. हिवाळ्यात शहाणी माणसं चारही चाकांना एकच, जरा अरुंद माप घालतात आणि एक इंच लहान रिम घेतात, कारण अरुंद टायर बर्फाचा चिखल कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. आणि नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर नावापुरताच विंटर उरतो, मग कायदा काहीही म्हणो.

पण राहायचं खारघरला आहे.

दुकानदार काय म्हणाला तेही बघू. अगदीच खोटं नाही. विंटर टायरला खाचा खोल असतात, आणि खोल खाच पाणी जास्त घेते हे खरंच. पण असा एक सेट मी स्वतः उतरवलाय. घोडबंदर रोडवर राहणारं एक गिऱ्हाईक, गाडी मागच्या चाकांवर चालणारी, टायर बाहेरून कुठून तरी स्वस्तात घेतलेले. ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा तक्रार होती, "एक्स्प्रेस वेवर गाडी डुलते, लेन बदलली की मागचा भाग उशिरा येतो." टायर बघितले तर नक्षीची प्रत्येक वडी एका बाजूने करवतीच्या दातासारखी उचललेली. नख टेकवलं तर रबरात चक्क रुतलं. खाचांच्या कडांना शाळेतल्या खोडरबराचा चुरा निघतो तसा चुरा चिकटलेला. त्या बारीक चिरांमुळे वडी गरम रस्त्यावर ताठ उभी राहूच शकत नाही, ब्रेक मारला की वाकते, वळलं की मुडपते. ओल्या रस्त्यावर तीस अंशांत ब्रेक मारला तर चांगल्या समर टायरपेक्षा थांबायला जास्त अंतर लागतं. आणि इतकं करून एका पावसाळ्यात निम्मी नक्षी संपलेली. स्वस्त पडले नाहीत ते.

आणखी एक. सेकंडहँड इम्पोर्टेड म्हणजे कोणीतरी तिकडे टाकून दिलेला. तिकडे तो का उतरवला, त्याच्या साइडवॉलच्या आत काय झालंय, हे कोणालाच माहीत नसतं. टायरच्या बाजूला "डीओटी" या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३११७ असेल तर २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. "जेमतेम वापरलेला" टायर आठ वर्षांचा निघालेला मी कितीतरी वेळा बघितलाय. बिल मागा, आयएसआय चिन्ह आहे का बघा. दुकानदार तिथेच चुळबुळ करायला लागेल.

आता तुमच्या गाडीकडे येतो.

त्या संध्याकाळी काय झालं असावं याचा मी लावलेला अर्थ असा. बरेच जण अशा वेळी म्हणतात, "गाडी पाण्यावर तरंगली." तुमची तरंगली नाही. तरंगायला वेग लागतो, आणि किल्ला जंक्शनच्या वळणातून बाहेर पडताना तुम्ही फार तर तीस-चाळीसवर असाल. तरंगणं आणि घसरणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. तुम्हाला झालंय घसरणं.

वळवाची सर हा वर्षातला सगळ्यात वाईट पाऊस, जुलैच्या मुसळधारेपेक्षाही. सात-आठ महिने रस्त्यावर डिझेलचे थेंब, इंजिन ऑइल, टायरचा भुगा, धूळ असं सगळं बसलेलं असतं. आपल्याकडे तर जेएनपीटी बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धावतात. पहिल्या सरीत हे सगळं वर येतं आणि रस्त्यावर साबण सांडल्यासारखा थर होतो. चार-सहा मोठे पाऊस पडून गेले की तो धुऊन जातो, आणि तोच रस्ता जास्त ओला असूनही बरा धरतो. भर घाला त्यात सिग्नलजवळच्या झेब्रा पट्ट्यांचा जाड गुळगुळीत रंग, पेव्हर ब्लॉक, आणि आमच्या घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात टाकलेल्या लोखंडी प्लेटा. त्या प्लेटेवर तर नवा कोरा टायरही हात टेकतो.

वर तुमची गाडी. २५८ हॉर्सपॉवर बाजूला ठेवा, तो आकडा वरच्या वेगाचा. वळणात त्रास देतो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ४०० न्यूटन मीटर, आणि तो इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या थोडं वर गेलं की सगळाच्या सगळा हजर असतो. म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर किंचित दाबता आणि टर्बो एका क्षणानंतर तो पूर्ण देऊन मोकळा होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत असं झालं तर चाकं पुढे फिरतात, गाडी सरळ जाते, माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी जागेवर येते. तुमच्या गाडीत मागची चाकं दोन कामं करतात: गाडी ढकलायची आणि वळणात तिला बाजूला जाऊ द्यायचं नाही. टायरची पकड म्हणजे एक ठरावीक रक्कम समजा. ढकलण्यात जास्त खर्च केलीत तर बाजूला धरायला उरत नाही, आणि गाडीची पाठ बाहेर जाते. पिवळा दिवा फडफडला म्हणजे गाडीने स्वतःहून ब्रेक टोचले आणि इंजिनाची ताकद कापली. त्या यंत्रणेने तुम्हाला वाचवलं. पण टायरपाशी जी पकड नाहीच, ती कोणतीही यंत्रणा आणून देऊ शकत नाही.

तर पकड का नव्हती? २०२० च्या गाडीवर मूळचेच टायर असतील, असा माझा अंदाज. नक्षी दिसायला बरी असते, पण पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर वाळतं. नख दाबून बघा, रुतायला नको पण दबायला हवं. दगडासारखं लागलं आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही असो, टायर संपला.

आणि नक्षी बरी आहे हेही तुम्हाला उभ्याने कळणार नाही. मागच्या वर्षी माजिवड्याहून अशीच एक जर्मन गाडी आली होती. मालक म्हणाले, "टायर चांगले आहेत, फक्त बॅलन्सिंग करा." बाहेरून बघता खरंच चांगले, पाच मिलिमीटर सहज. गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, तर मागच्या दोन्ही टायरची आतली कड तळहाताइतकी गुळगुळीत, आणि एका जागी पोलादी तारांचा गंजलेला तपकिरी दोरा बाहेर आलेला. मालकांना खाली बोलावलं, बोटाने दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दिवसांपूर्वीच ते कुटुंबासह लोणावळ्याला जाऊन आले होते.

हे असं होतं कारण अशा गाड्यांची मागची चाकं वळणात जास्त धरावीत म्हणून वरून किंचित आत झुकवलेली असतात. सरळ रस्त्यावर वजन आतल्या कडेवर येतं. त्यात खड्ड्यांनी टो, म्हणजे चाकं किती सरळ पुढे बघतात तो कोन, थोडा जरी बिघडला की आतली कड कानशीने घासल्यासारखी जाते. आणि मागे रुंद, पुढे अरुंद माप असल्यामुळे टायर पुढे-मागे फिरवताही येत नाहीत. मारुतीत दर दहा हजाराला फिरवून चारही सारखे झिजवतो तसं इथे नाही. म्हणून सेकंडहँड घेतलेल्या बहुतेक अशा गाड्यांत चित्र ठरलेलं: पुढे पाच मिलिमीटर, मागे अडीच.

त्यावर एखाद्या गाडीत आधीच्या मालकाने दोनच नवीन टायर घेऊन ते पुढे टाकले असतील तर विचारूच नका. तुमच्यासारखी दोन मापं असतील तर हा घोळ होत नाही, पण चारही सारख्या मापाच्या गाड्यांत रोज होतो. "स्टिअरिंग पुढे आहे, इंजिन पुढे आहे, नवीन टायर पुढेच हवेत." मी दुकानात यावरून भांडणं केली आहेत. चांगले टायर नेहमी मागे, मग गाडी पुढच्या चाकांवर चालो की मागच्या. पुढचं सुटलं तर गाडी सरळ जाते आणि ते स्टिअरिंगला कळतं. मागचं सुटलं तर कळायच्या आत गाडीचं तोंड दुभाजकाकडे असतं.

आता दुसरा आजार, तरंगणं. तो तुम्हाला अजून झालेला नाही, पण जुलैमध्ये पाम बीचवर किंवा सायन-पनवेल हायवेवर ऐंशीला जाल तेव्हा होऊ शकतो, म्हणून सांगून ठेवतो. साधा हिशोब करा. तुमचा पुढचा टायर २२५ मिलिमीटर रुंद. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी. वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गुणाकार केला तर एकेका टायरपुढे दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी येतं. न्हाणीघरातली एक बादली, दर सेकंदाला, एका टायरला. ते सगळं खाचांतून मागे आणि बाजूला जायला हवं. नव्या टायरला नक्षी साधारण ८ मिलिमीटर असते. ती ३ वर आली की नाली अर्ध्याहून जास्त बुजली म्हणा. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, खाचेच्या तळाशी जी छोटी उंचवट्याची पट्टी असते ती तेवढ्यासाठीच. पण तो आकडा चलान वाचवण्याचा आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मागचे टायर मी पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरला बदलायला सांगतो, साडेतीन असतील आणि रोजचा हायवे असेल तरीही. डिसेंबरमध्ये तोच टायर माझ्याकडे आला तर म्हणेन, चालवा की मेपर्यंत.

हवेचा दाबही इथेच येतो. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं: दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण साडेसोळाने गुणा, म्हणजे ज्या वेगाला खाचा कमी पडून टायर पाण्यावर उचलला जाईल तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३६ पीएसआय असेल तर सुमारे १००. २५ असेल तर ८३ च्या आसपास. तुमच्यासारखा रुंद टायर, त्यात घासलेला, याहूनही लवकर उचलला जाऊ शकतो, पण दिशा लक्षात घ्या. "पावसात हवा थोडी कमी ठेवा, टायर बसतो चांगला" असं पेट्रोल पंपावर कोणी सांगितलं तर हसून पुढे जा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर पुढचा आणि मागचा दाब वेगवेगळा लिहिलेला असतो. तेवढीच हवा, टायर थंड असताना. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर भरा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी हवा तपासा, तो पैसा जास्त कामाचा.

आता घ्यायचं काय. इथून पुढे बरंच तुमच्यावर अवलंबून.

तुमच्या गाडीवर बहुधा रनफ्लॅट टायर आहेत, साइडवॉलवर तशी खूण असते. पंक्चर झाला तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतो. किंमत म्हणजे कडक साइडवॉल, आपल्या खड्ड्यांत पाठीला कळते ती. साधा टायर घातला तर गाडी मऊ होते, खडबडीत वळणात टायर रस्त्याला जास्त चिकटून राहतो आणि पैसेही वाचतात. पण मग आधी डिकी उघडून बघा, स्टेपनी आहे का. नसेल तर पंक्चर किट आणि पंप ठेवावा लागेल, आणि रात्री अकराला मुंब्रा बायपासवर एकट्याने तो वापरायची तयारी हवी. वहिनी गाडी एकट्या चालवत असतील तर मी रनफ्लॅटच सांगेन. तुम्ही एकटेच चालवत असाल, शहरातच, तर साधे. मात्र दोन रनफ्लॅट आणि दोन साधे असं कडबोळं कधीही नको. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. निदान एका ॲक्सलवरचे दोन्ही तरी सारखेच हवेत.

माप तेच ठेवा, पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८. कोणी "मागे २७५ टाका, दिसायला भारी" म्हणेल. रुंद टायर म्हणजे पाण्याची मोठी बादली. एकोणीस इंची रिम तर आपल्या रस्त्यांवर मी माझ्या वैऱ्यालाही सुचवणार नाही. वाकलेल्या रिम सरळ करून माझ्या दुकानाचं अर्धं भाडं निघतं, तेव्हा तेवढ्यापुरता मी स्वतःच्याच पोटावर पाय देतोय असं समजा. मापापुढे ९५ वाय, ९९ वाय असं काहीतरी असतं. आकडा वजनाचा: ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. अक्षर वेगाचं: वाय म्हणजे ताशी ३००. इतका वेग तुम्हाला कधीच लागणार नाही, पण कंपनीने दिलंय त्याच्या खाली जाऊ नका. आपल्या एआयएस-१४२ मानकात ओल्या रस्त्यावरची पकड तपासली जाते, युरोपियन लेबलवर तीच ए ते ई अशी अक्षरांत असते. तुमच्यासाठी ए किंवा बी. मायलेजचे तारे मागाहून बघू.

प्रकार म्हणाल तर परफॉर्मन्स समर टायर, पण ओल्या रस्त्याचा विचार करून बनवलेला. चार रुंद, उभ्या, सलग खाचा असलेली नक्षी बघा. ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर आपल्या पावसात आत्मघात आहेत. नावं विचाराल तर मिशेलिनची पायलट स्पोर्ट मालिका अशा गाड्यांवर मी वर्षानुवर्षं बसवतोय आणि पावसात तक्रार घेऊन कोणी परत आलेलं नाही. बजेट आखडतं असेल तर व्रेडेस्टाइनचा अल्ट्राक व्होर्टी बघा, ही डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलोची आहे. दुकानात गेलात आणि नेमकं हवं ते मॉडेल तुमच्या मागच्या मापात मिळालं नाही तर चिडू नका. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हापासून अशी वेडीवाकडी मापं कधी असतात, कधी महिनाभर नसतात. म्हणून जूनच्या दहा तारखेला पळापळ करण्यापेक्षा आत्ताच चौकशी करा. घेताना डीओटीचे चार आकडे बघा. सहा-आठ महिने जुना टायर चालतो, दोन वर्षं गोदामात पडलेला मी घेणार नाही.

बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला बुळबुळीत थर अंगावर असतो, तो घासून जायला वेळ लागतो. नवीन टायरच्या भरवशावर दुकानातून बाहेर पडतानाच गाडी घसरवून गोल फिरवलेली मंडळी आमच्या गल्लीनेही बघितली आहेत. आणि चारही चाकांची अलाइनमेंट करूनच घ्या, फक्त पुढची नाही. "मागच्याला काही नसतं" असं म्हणणारा दुकानदार दिसला तर गाडी वळवा, तुमच्या गाडीत मागचंच सगळं असतं.

राहिला उजवा पाय. पावसात गाडी कम्फर्ट मोडमध्ये ठेवा. स्पोर्ट प्लसमध्ये घसरण आवरणारी ती यंत्रणा मुद्दाम सैल सोडलेली असते, मागचा भाग थोडा सुटू देते. वळणातून स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर द्या, आधी नाही. पहिल्या चार पावसांत सिग्नलच्या पट्ट्यांवर पाय हलका. आणि मागचं सुटलंच तर ब्रेकवर उडी मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि जिकडे जायचंय तिकडे बघून स्टिअरिंग धरा, उरलेलं गाडी करते. त्या दिवशी केलंच होतं तिने.

मधूनच हिमाचलला गाडी न्यायचा बेत असेल, तर जानेवारीत अटल बोगद्याकडे ही गाडी नेऊ नका. भाड्याची फोर बाय फोर घ्या. चार दिवसांच्या बर्फासाठी विंटर टायरचा सेट घेऊन तो अकरा महिने बाल्कनीत ठेवायचा, एवढी मोठी बाल्कनी खारघरला कोणाची आहे?

आता या शनिवारी एक काम करा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरची आतली कड बघा. मागच्यासाठी जमिनीवर वर्तमानपत्र टाकून बसा, मोबाइलचा टॉर्च लावा, हात गाडीखाली घालून दोन्ही टायरच्या आतल्या कडेचे फोटो काढा. बाजूने चाचपून बघा, कुठे फुगा आलाय का. चारही टायरचे डीओटी आकडे टिपून घ्या, ते कधी कधी आतल्या बाजूला असतात, तर ते पण त्याच वेळी. हे सगळं इथे टाका. मागचे दोनच बदलून भागेल की चारही घ्यावे लागतील, ते फोटो बघून सांगतो. आणि तोपर्यंत त्या दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.